नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार कितपत टिकतो?

प्रश्न : कोथरूडमधला फ्लॅट पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी करून ११ महिन्यांसाठी दिला होता. मुदत संपून तीन महिने झाले. राहणारे निघत नाहीत, उलट ‘आम्ही लायसन्सी (ठराविक मुदतीपुरती फक्त वापराची परवानगी मिळालेले) नाही, भाडेकरू आहोत’ म्हणतात. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं एजंटने सांगितलं होतं. आता काय करावं?

उत्तर : एजंटने सांगितलेली गोष्ट महाराष्ट्रात चुकीची आहे आणि या एका गैरसमजापायी असंख्य घरमालक अडकतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केली. करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मग तो दोन महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याहून जड परिणाम दुसराच आहे : नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर घेतलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर येतो. तुमच्याकडे राहणारे नेमकं हेच करत आहेत.

संबंध अजून तुटलेले नसतील तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थोड्या मुदतीचा, अगदी चार-सहा महिन्यांचा, नवा करार करून तो नोंदवून घ्या. त्यात ते स्वतःच ‘आपण लायसन्सी आहोत’ हे मान्य करतात. जुना करार आता नोंदवता येणार नाही. सही झाल्यापासून चार महिने आणि दंड भरून आणखी चार महिने, एवढीच मुदत असते.

ते तयार नसतील तर वकिलामार्फत नोटीस द्या. दरम्यान पैसे आले तर ‘भाडे’ म्हणून पावती देऊ नका. ‘मुदतीनंतरच्या वापराची भरपाई, हक्क राखून’ असं लेखी कळवा. बँकेतल्या नोंदी, पोलिसांना दिलेली माहिती, सोसायटीला दिलेलं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप हे सगळं जपून ठेवा. नोंदणी नसताना हाच तुमचा पुरावा. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं मुळीच नको, त्याने तक्रारदाराच्या जागी तुम्हीच आरोपी व्हाल.

नोंदणीकृत करार असता तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) थेट अर्ज करता आला असता. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागितली नाही तर तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. शिवाय मुदतीनंतर अडवलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मिळते. हा मार्ग फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे, दुकानाला नाही. तुमच्या नोंदणी नसलेल्या करारावरही अर्ज करता येईल, पण समोरचा पहिल्याच तारखेला कलम ५५ पुढे करेल, याची तयारी ठेवा.

नोंदणीचा खर्च वाचवण्याइतका मोठा नाही. महिना २५,००० भाडे, एक लाख परत करण्याजोगी अनामत, मुदत २४ महिने असं धरा. एकूण भाडे ६,००,००० आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने २०,००० मिळून ६,२०,०००, त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे १,५५० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी फी १,००० , ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या होते. करारात लॉक-इन कालावधी (ज्या काळात करार मोडता येत नाही) दोघांनाही लागू आहे की एकालाच, ताबा देतानाचं वीज मीटरचं रीडिंग, पंखे-गीझर-कपाटांची यादी आणि रंगकामाचा खर्च कोणाचा, हे लिहाच. अनामतीची भांडणं जवळजवळ नेहमी रंगावरूनच होतात.

प्रश्न : सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) म्हणून महिना १,५०० रुपये मागते आणि अविवाहित मुलांना फ्लॅट द्यायला ना हरकत पत्र देत नाही.

उत्तर : १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिलाच्या एकूण रकमेच्या नव्हे, फक्त सेवाशुल्काच्या. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी वगळा. सेवाशुल्क १,९०० असेल तर १९० रुपये. आई-वडील, मुलं, भावंडं राहत असतील तर काहीच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पूर्वपरवानगीही लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि करार व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. पोच घ्या. समिती ऐकत नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : मी मस्कतला असतो. नाशिकचा फ्लॅट २०,००० भाड्याने द्यायचा आहे. भाडेकरू कर कापेल का?

उत्तर : हो, आणि त्याने तो कापलाच पाहिजे. घरमालक भारतात राहणारा असेल तर महिना ५०,००० च्या वर भाडे गेल्यावरच भाडेकरू व्यक्तीने २ टक्के कापायचे असतात (ऑक्टोबर २०२४ पूर्वी ५). अनिवासी घरमालकासाठी अशी किमान मर्यादा नाही. ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, तुमच्या बाबतीत महिना ६,२४०. भाडेकरूने कापला नाही तर वसुली त्याच्याकडून होते, म्हणून करारातच हे स्पष्ट लिहा. भारतातलं तुमचं उत्पन्न कमी असेल तर कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच मागून घ्या, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत पैसे अडकतात.

सहीसाठी कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) भारतीय वकिलातीत करून पाठवा आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. अधिकार भाड्याने देणं, भाडे घेणं आणि ताबा परत घेणं एवढ्यापुरतेच द्या. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका.