कॅनडाने दार खरंच बंद केलंय का? आणि डिप्लोमावरून पीआर (कायम राहण्याचा परवाना) अजून मिळतो का?

दार बंद झालेलं नाही. पण दोन वर्षांचा कॉलेज डिप्लोमा, मग वर्क परमिट, मग पीआर हा जो रस्ता तुम्ही विचारताय, तो कर्ज काढून धरावा असा आता राहिलेला नाही, असं माझं मत आहे.

बातम्यांत पीआरची कपात गाजली. २०२५ साठी आधी पाच लाखांचं लक्ष्य होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३,९५,००० वर आणलं. कपात मोठीच, पण २०१५ मध्ये कॅनडा वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास पीआर देत होता, त्यामानाने हा आकडा लहान नाही.

खरा घोळ तात्पुरत्या परवान्यांत झाला. पीआरला दरवर्षी लक्ष्य ठरायचं. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाल्यांना तसं काहीच नव्हतं. २०२४ च्या शरद ऋतूपर्यंत सव्वाचार कोटींहून कमी वस्तीच्या देशात तात्पुरते रहिवासी ३० लाखांच्या घरात गेले. घरभाडी भडकली, लोकमत फिरलं. (घरटंचाईला व्याजदर आणि नगरपालिकांचे बांधकामाचे नियमही जबाबदार होते.)

आता ओंटारिओ प्रांताचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी केली आणि मग तिथेच गोठवली. कॉलेजांनी खड्डा भरून काढला तो कितीतरी पट फी देणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडून. काही सरकारी कॉलेजांचे अभ्यासक्रम तर करार करून खासगी संस्थाच चालवत होत्या. स्टडी परमिट देणार केंद्र, कॉलेजं प्रांताची. एकूण किती जण येताहेत याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने स्टडी परमिटवर मर्यादा घातली, आणि त्याच वर्षी मे महिन्यापासून अशा करारातल्या अभ्यासक्रमांना नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचं शिक्षणानंतरचं वर्क परमिट बंद झालं.

पुढचा हिशेब तुम्हीच करा. पीआरची कपात केली त्याच ऑक्टोबर २०२४ च्या आराखड्यात, २०२५ चे ४० टक्क्यांहून जास्त पीआर आधीच देशात असलेल्यांना मिळतील असं सांगितलं होतं. ऐकायला छान. पण म्हणजे साधारण १ लाख ६० हजार जागा, आणि तेव्हा आत ३० लाख लोक. त्या सगळ्यांना पीआर नको असला तरी रांग केवढी असेल! त्यात २५ मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत (गुण मोजून पीआरसाठी निवड करायची पद्धत) नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण काढून टाकले, कारण त्या ऑफरच्या कागदांचा बाजार मांडला गेला होता.

आता निवड ठरावीक गरजा पाहून होते: आरोग्यसेवा, सुतार-प्लंबरसारखी कसबी कामं, आणि फ्रेंच भाषा. फ्रेंचला मी मुद्दाम अधोरेखित करेन, कारण क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी वेगळं लक्ष्य आहे आणि ते दरवर्षी वाढवत नेलंय. फ्रेंच चांगली येत असेल तर बऱ्याच कमी गुणांवरही पीआरला अर्ज करायचं आमंत्रण येतं.

तुम्ही घेणार असलेला डिप्लोमा बिझनेस मॅनेजमेंटचा आहे असं तुम्ही लिहिलंय. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट हवं असेल, तर विषय सरकारी यादीत असावा लागतो. फी भरण्याआधी ती यादी सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. एजंटला विचारू नका. बहुतेकदा त्याचं कमिशन कॉलेजकडून येतं.