भाच्याची इंटर्नशिप आणि ताईंचा फोन

प्रश्न: आम्ही बरीच वर्षं श्टुटगार्टजवळ राहतो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्याहून मेकॅनिकल करून इथे मास्टर्सला आलाय, आता तिसरं सेमिस्टर सुरू होईल. त्याला एका मध्यम आकाराच्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, पंपांच्या चाचण्यांचं काम आहे. ताई म्हणते, "त्या कंपनीचं नाव इथे कुणी ऐकलेलं नाही. वर एक सेमिस्टर वाढणार, आणि कर्जाचे हप्ते डोक्यावर आहेत. त्यापेक्षा डिग्री आटपू दे आणि एखाद्या मोठ्या कंपनीत लागू दे." रोज फोन असतो आणि मावशी म्हणून मी मधल्यामध्ये. त्यात माझ्या नववीतल्या लेकीला शाळेच्या प्रॅक्टिकलसाठी, म्हणजे काही दिवस कुठेतरी प्रत्यक्ष काम बघायला, जागा शोधायचीय. हे म्हणतात, माझ्याच ऑफिसात ये. ती ऐकत नाही. काय करावं?

उत्तर: तुमच्या ताईंची काळजी खोटी नाही, आधी हिशेबच मांडू. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी बांधून ठेवलेल्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. सहा महिने वाढले तर सहा हजारांच्या जवळपास. शिवाय तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. एकूण साडेसात हजार, रुपयांत साडेसात-आठ लाखांच्या आसपास. पुण्यात बसून हप्ते मोजणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येणारच. फक्त या हिशेबात इंटर्नशिपचे पैसे धरलेले नाहीत, आणि "डिग्री आटपून बघू" याची किंमतही धरलेली नाही. ती दुसरी किंमत पुण्यातून दिसत नाही.

इथे पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ऐकायला भरपूर वाटतो. पण कंपनी माणूस कसा घेते ते बघा. सहा महिन्यांचा प्रोबेशन संपला आणि कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं असली, की नोकरीवरून काढण्याला कायद्याचा चांगलाच अडसर येतो. म्हणून घेण्याआधीच माणूस पारखून घ्यायची इथल्या कंपन्यांना सवय आहे. आधी इंटर्नशिप, मग तिथेच आठवड्याला वीस तासांचा वेर्कश्टुडेंट (शिकता शिकता अर्धवेळ पगारी काम करणारा विद्यार्थी), मग त्याच विभागात मास्टर्सचा थिसिस, आणि थिसिस जमा व्हायच्या आत बॉस विचारतो, "पुढे काय ठरवलंयस?" अनेकांच्या पहिल्या नोकऱ्या अशाच लागतात. शिवाय इथल्या होखशूलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या विद्यापीठात, बॅचलर्स केलेल्या मुलांचं एक अख्खं सेमिस्टर बहुधा कंपनीत गेलेलं असतं. कोऱ्या सीव्हीचा तुमचा भाचा त्यांच्याच रांगेत उभा राहणार.

त्यातून सध्या वारंही अनुकूल नाही. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त पदं कमी करायचं ठरवलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने जर्मनीत १४,००० पर्यंत पदं कमी करायची घोषणा २०२४ मध्येच केली होती. चाकणमुळे ही नावं पुण्यात घरोघरी माहीत आहेत, म्हणून ताईंना तीच सुरक्षित वाटतात. या घडीला मात्र त्या दारांशी गर्दी मोठी आणि आत जागा कमी.

आता कागदाकडे वळू, कारण गाडी अडते ती इथेच. भाच्याच्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत इंटर्नशिप बंधनकारक आहे का? मँडेटरी आणि व्हॉलंटरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंधनकारक असेल तर ती परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला मिळणाऱ्या १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या दिवसांच्या कामाच्या कोट्यात मोजली जात नाही. हा कोटा मार्च २०२४ मध्ये वाढला, त्याआधी १२० आणि २४० होता, आणि जुने आकडे अजून व्हॉट्सॲपवर फिरत असतात. मात्र मँडेटरी इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू नाही, कंपनी देईल तेवढे पैसे.

व्हॉलंटरी असेल तर उलटं. ती कोट्यातून वजा होते, आणि तीन महिन्यांहून जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. २०२६ मध्ये ते तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे पूर्णवेळ महिन्याला चोवीसशेच्या आसपास. म्हणून तर कित्येक कंपन्या जाहिरातीतच लिहितात की फक्त मँडेटरीवाल्यांनी अर्ज करावा. पुष्कळ मुलांना आपल्या कोर्समध्ये इंटर्नशिप बंधनकारक नाही हे ऑफर हातात आल्यावर कळतं. मग ती विद्यापीठाकडे "मँडेटरी आहे असं पत्र द्या" म्हणून खेटे घालतात. नियमावलीत नसेल तर ते पत्र मिळत नाही. पूर्णवेळ सहा महिने हे १४० दिवसांच्या अगदी कडेला येतात, आणि वर्षात आधी कुठे काम केलं असेल तर ओलांडूनही जातात. तेव्हा भाच्याला आज संध्याकाळीच ती नियमावली उघडायला सांगा. रजेचं सेमिस्टर घेता येतं का, आणि त्यात फी भरावी लागते का, हेही इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून विचारायला सांगा. तोंडी उत्तरावर राहू नये.

इंटर्नशिप बसतच नसेल तर त्याच कंपनीला वेर्कश्टुडेंट म्हणून विचारता येईल. किमान वेतनाने धरलं तरी महिन्याला बाराशे युरो होतात, पगारातून फक्त पेन्शनचा हिस्सा कापला जातो आणि सेमिस्टर वाढायची गरज पडत नाही. ताईंना हा पर्याय पटकन पटेल.

राहिला नावाचा प्रश्न. इथे मी स्पष्टपणे भाच्याच्या बाजूने आहे. तुमच्याच भागात बघा, एस्लिंगेनची फेस्टो, वायब्लिंगेनची श्टील, विनेंडेनची केर्शर, डिट्झिंगेनची ट्रुम्फ. सदाशिव पेठेत यांची नावं घेऊन कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत, पण आपापल्या क्षेत्रात त्या जगभर विकतात. त्यांच्याहून लहान, दोनशे-तीनशे माणसांच्या कंपन्या तर या राज्यात पावलोपावली आहेत. मोठ्या कंपनीतली इंटर्नशिप वाईट असते असं नाही. पण सहा महिने दुसऱ्यांच्या प्रेझेंटेशनचे रंग जुळवण्यात आणि एक्सेलच्या रकान्यांत आकडे भरण्यात गेलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलाखतीत "तू नेमकं काय केलंस?" म्हटलं की ती "आमच्या टीमने" असं सुरू करतात, आणि समोरच्याला तिथेच कळतं.

पंपाच्या चाचणीत काय होतं? पोरगा स्वतः प्रेशरचा सेन्सर बसवतो. पंप सुरू केल्यावर स्क्रीनवरची रेघ जिथे सपाट यायला हवी तिथे थरथरते. दोन तास तो सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधतो. मग शेजारचा पन्नाशीतला माइस्टर, म्हणजे मुरलेला कारागीर, येतो, नळीवर हात ठेवतो, एक नट अर्धा आटा फिरवतो आणि काही न बोलता निघून जातो. रेघ सपाट. सक्शनच्या, म्हणजे पंप आत ओढतो त्या बाजूने हवा ओढली जात होती. पुढे कुठल्याही मुलाखतीत हा प्रसंग तो तीन मिनिटं न अडखळता सांगू शकेल. आणि कदाचित चौथ्या महिन्यात त्याला असंही वाटेल की हे हात काळे करणं आपल्याला झेपत नाही, आपण सिम्युलेशनकडे जावं. तेही चांगलंच. पहिल्या नोकरीत दोन वर्षं काढून हे कळण्यापेक्षा आता कळलेलं स्वस्त. त्या दिवशी ताईंचा "मग वाया गेलं की सगळं!" असा फोन येईल. मावशीने तेव्हा भाच्याची बाजू घ्यायची.

ऑफर स्वीकारण्याआधी त्याने कंपनीला चार गोष्टी विचाराव्यात. मला रोज कोण बघणार? तिसऱ्या महिन्याच्या शेवटी माझ्या हातून काय झालेलं असेल? आधीचा इंटर्न आता कुठे आहे? इथे थिसिस करता येईल का? पहिल्याच प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर ऑफर सोडायला हरकत नाही, कंपनी कितीही मोठी असो.

एक गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. आपल्याकडे वर्गात "समजलं नाही" म्हणणं म्हणजे हसं होणं. त्यामुळे इथे बॉसने काम सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि तीन दिवस एकटीच झगडतात. जर्मन बॉसला प्रश्नाचा त्रास होत नाही, चौथ्या दिवशी "झालं नाही" ऐकण्याचा होतो. दुसरं, जेवण. साडेअकरा-बाराला अख्खा विभाग "माल्त्साइट" (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हणत कँटीनकडे निघतो, आणि आपला मुलगा डबा उघडून लॅपटॉपसमोर बसतो. शाकाहारी असेल तर आणखीच संकोच. डबा घेऊन जावा, पण टेबलावर त्यांच्यासोबत बसावं. विभागात कुणाची जागा रिकामी होणार हे तिथेच कानावर पडतं. काम इंग्रजीत चालत असलं तरी ते टेबल जर्मन बोलतं, तेव्हा बी-वन या मधल्या पातळीवर थांबलेला जर्मनचा क्लास त्याने पुन्हा सुरू करावा.

निघताना त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं सविस्तर प्रमाणपत्र, मागून घ्यायचं. व्हॉलंटरी इंटर्नशिपमध्ये तर तो त्याचा हक्कच आहे. मात्र ते वाचताना सावध. "आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं" हे वाचून घरी पेढे वाटले जातील, पण इथल्या एचआरच्या लेखी तो काठावरचा पास. "नेहमीच" आणि "अगदी पूर्ण समाधान" असे दोन्ही शब्द असले तर पहिला वर्ग. मसुदा मिळाला की एखाद्या जर्मन मित्राला दाखवावा. बदल सुचवणं इथे उद्धटपणा समजत नाहीत.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एकच सूचना, कारण तिकडची मेख वेगळी आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ सीपीटी (शिकत असतानाच्या इंटर्नशिपची परवानगी) १२ महिने किंवा जास्त झालं की त्या पातळीच्या पदवीवरचं ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी, बहुतेक जण ती पदवीनंतर वापरतात) मिळत नाही. ओपीटीचे १२ महिने आणि स्टेमवाल्यांचे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदवीवाल्यांचे, वरचे २४, दोन्ही जातात. अर्धवेळ सीपीटी या मोजणीत येत नाही. "आणखी एक समर" म्हणण्याआधी आधीचे महिने मोजा.

आता तुमची लेक. नववीतलं प्रॅक्टिकल पालक फार हलक्यात घेतात. तुमच्या राज्यात जिम्नाझियमवाले, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेतले, याला "बोगी" म्हणतात, आणि आपली मंडळी खरोखरच डबा जोडल्यासारखी मुलीला बाबांच्या ऑफिसला जोडून मोकळी होतात. तिथे ती काय बघणार? बाबांची खुर्ची, बाबांच्या मित्रांची कौतुकं आणि दुपारचं आइस्क्रीम. बाबांचं काम तिला घरात रोज दिसतंच. जनावरांचा दवाखाना, फिजिओथेरपी, बालवाडी, सुतारकाम, बेकरी, तिला जे सुचेल तिथे जाऊ द्या. "बेकरीत काम करायला का जर्मनीला आलो?" हे वाक्य घरात निघणार, निघू द्या. पहाटे उठून पंधराव्या वर्षी एकदा बेकरीत उभं राहिलेली मुलगी पुढे काहीही शिकायला निवडेल, ते डोळे उघडे ठेवून निवडेल.

जागा मात्र तिने शोधायची. मंडळाच्या ग्रुपवर "कुणाकडे जागा आहे का" असा मेसेज तुम्ही टाकू नका, भाच्यासाठी तर मुळीच नको. तिने स्वतः दुकानात जावं किंवा फोन करावा. दोन-तीन ठिकाणी नाही म्हणतील. तुम्ही कागद बघा. शाळेने दिलेला फॉर्म, आणि विम्याबद्दल शाळेचं पत्र. ती अजून पंधराची झाली नसेल तर दिवसाला सात आणि आठवड्याला पस्तीस तासांवर काम देता येत नाही, आणि तेही हलकंच. बेकरीच ठरली तर खाद्यपदार्थ हाताळण्याबद्दल आरोग्य कार्यालयाची सूचना घेतल्याचा दाखला आधी लागतो, आणि काम सुरू करताना तो तीन महिन्यांहून जुना चालत नाही. त्याची वेळ आताच घेऊन ठेवा, सुट्ट्यांच्या तोंडावर ती मिळत नाही.