स्ट्रासबर्गहून पोच आली, पुढे सगळं शांत

प्रश्न : भाचा युरोपात नोकरीला आहे. कोठडीत पोलिसांनी मारहाण केल्याची त्याची तक्रार तिथल्या सगळ्या कोर्टांनी फेटाळली. मग त्याने स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात त्या देशाविरुद्ध अर्ज केला. अर्ज क्रमांक आणि बारकोडची लेबलं आली. त्याला वर्ष उलटलं. आम्ही इथून फोन करावा का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. तिथे सगळं कागदावर चालतं आणि पत्रव्यवहार अर्जदाराशी किंवा त्याच्या प्रतिनिधीशीच होतो. मामा-मावशीला कोणी दाद देणार नाही.

शिवाय अर्ज आले त्या क्रमाने निघत नाहीत. 2009 पासून महत्त्वानुसार त्यांचे गट पाडतात. हल्ली असे सात गट आहेत. कोठडीतली मारहाण युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम 3 मध्ये (छळाला बंदी) येते, म्हणजे तसा वरचाच, तिसरा गट. जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तर न्यायालयाच्या नियम 41 खाली अर्ज आधी घेण्याची विनंती करता येते, पण सोबत वैद्यकीय कागद हवेत. ‘फार दिवस झाले’ एवढ्यावर कोणी फाइल वर काढत नाही.

पत्र नाही म्हणजे वाईटच, असंही समजू नका. एकटा न्यायाधीश अर्ज अग्राह्य, म्हणजे विचारात घेण्याजोगा नाही, असं ठरवतो तेव्हा तसं कळवतात. त्यावर अपील नाही आणि वर्षभराने फाइलही नष्ट करतात. तसं पत्र नसेल तर अर्ज अजून जिवंत आहे. सरकारला नोटीस गेली की आधी तडजोडीला वाव, मग सरकारचं म्हणणं, मग अर्जदाराचं उत्तर. इथून पुढे वकील लागतो आणि कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. सरकारला मुदतवाढ मिळाली म्हणून आपणही सैल राहू नये. न्यायालयाच्या पत्राला उत्तरच गेलं नाही तर त्याच कराराच्या कलम 37 खाली अर्ज यादीतून काढून टाकतात. भाच्याने घर बदललंय का, ते आधी विचारा. बदललं असेल तर नवा पत्ता बारकोडचं लेबल लावून आजच पोस्टाने कळवायला सांगा.

प्रश्न : अर्ज अपूर्ण म्हणून नोंदवलाच नाही. राहिलेली पानं पाठवली तर पहिली तारीख धरतील? – एक वाचक, औंध

उत्तर : नाही. नियम 47 प्रमाणे पूर्ण फॉर्म सगळ्या कागदांसह नव्याने पाठवावा लागतो, आणि मधल्या काळात मुदत थांबत नाही. फेब्रुवारी 2022 पासून ती सहा नव्हे, चार महिने आहे; देशातल्या अंतिम निर्णयापासून मोजतात. ईमेल चालत नाही. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख धरतात. अर्जदाराची सही मूळ हवी, झेरॉक्स नको. वकील दिला असेल तर दोघांच्या सह्या त्याच फॉर्मवर. तक्रारीचा गाभा फॉर्मच्या चौकटीतच मांडा. ‘सोबतची पानं पाहावीत’ एवढं लिहून भागत नाही. जादा पानं वीसपर्यंतच. निकालांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून पानांना नंबर द्या, पिना मारू नका.

प्रश्न : भारताविरुद्ध तिथे जाता येतं? – एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. ते युरोप परिषदेच्या 46 देशांपुरतं आहे. आशियात तसं न्यायालयच नाही. पुणेकरांसाठी मुंबईतला राज्य मानवी हक्क आयोग आहे. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार द्यावी.