वाचकांचे प्रश्न : ग्रंथपालांच्या संघटनेची पावती फाडू की नको?

प्रश्न : मॅडम नमस्कार. नागपूरपासून तासाभरावरच्या एका कॉलेजात मी कंत्राटी ग्रंथपाल आहे, वय २९, एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) झालंय, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) दोनदा दिली पण थोडक्यात राहिली. ग्रंथपालांच्या संघटनेचं आजीव सभासद व्हा म्हणून सिनिअर लोक मागे लागलेत. मागे एका अधिवेशनाला गेले होते, तिथे दोन तास नुसते सत्कार, मग जेवण, आणि पेपर वाचायला प्रत्येकाला पाच मिनिटं. त्यात प्राचार्य म्हणतात ड्युटी लीव्ह मिळणार नाही, तुम्ही परमनंट कुठे आहात. अशात पदरचे पैसे घालून मेंबर होण्यात काही अर्थ आहे का?
— एक वाचक, उमरेड रोड

उत्तर : बेटा, तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. सत्काराचं जे लिहिलंस ते अगदी खरं आहे आणि त्याचा मलाही राग येतो, गडचिरोली-गोंदियाहून लोक पहाटेची एसटी धरून येतात आणि त्यांचा अर्धा दिवस शाल-श्रीफळात जातो, हे बंद करा असं मी मीटिंगमध्ये उभं राहून बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. तरी माझं उत्तर हो असंच आहे, मेंबर हो.

का ते सांगते. कॉलेजात मराठीचे दोन-तीन प्राध्यापक असतात, कॉमर्सचे चार असतात, एखाद्याला काही अडलं की स्टाफरूममध्ये बाजूच्याला विचारतो. ग्रंथपाल मात्र आख्ख्या कॉलेजात एकच. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की सगळे तुझ्याकडे बघतात, पण तू कोणाकडे बघशील? दाखल नोंदवही आणि कम्प्युटरमधला आकडा जुळत नाही, बाद करायच्या पुस्तकांचा ठराव कसा लिहायचा, सर्व्हर बसला तर बॅकअप कुठून काढायचा, यातलं काहीही तुझ्या प्राचार्यांना माहीत नाही आणि ते माहीत असण्याचं त्यांना कारणही नाही. आपल्या कामात हा एकटेपणा आहे आणि एम.लिब. करताना त्याबद्दल कोणी सांगत नाही. संघटना म्हणजे तुझी दुसरी स्टाफरूम आहे, गावोगावी विखुरलेली.

माझंच घे. आमच्या लायब्ररीने जुनं सॉफ्टवेअर सोडून कोहावर जायचं ठरवलं तेव्हाची गोष्ट. इंग्रजी पुस्तकं नीट आली, पण मराठीच्या नऊ हजार नोंदींच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. लेखकाचं नाव नाही, शीर्षक नाही, काहीच वाचता येईना. एजन्सीवाला म्हणाला सगळं पुन्हा टाइप करावं लागेल आणि त्याचं कोटेशन बघून मॅनेजमेंटने फाइल परत पाठवली. मग मी आणि आमचे परिचर मामा, आम्ही दोघांनी देवघेव काउंटर सांभाळून टाइप करायला घेतलं, तीन आठवड्यांत जेमतेम सहाशे नोंदी झाल्या, रात्री झोपेत सुद्धा मला ती नोंदवही दिसायची. त्याच दिवसांत सीताबर्डीला संघटनेची एक छोटी बैठक होती, पंधरा-सोळा लोकांची, तिथे चहा घेताना मी हे रडगाणं सांगितलं तर वर्ध्याकडचे एक ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, तुम्ही काहून टाइप करून राहिल्या? हे फॉन्टचं दुखणं आहे." मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं, की जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असायचं, आत मशीनमध्ये ते इंग्रजी अक्षराच्याच जागेवर साठवलेलं असायचं, त्यामुळे तो फॉन्ट गेला की अक्षरही गेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा आहे. म्हणून आधी कन्व्हर्टरमधून काढा, एक्सेलमध्ये तपासा आणि मगच कोहात घ्या. पुढच्या रविवारी ते स्वतः नागपूरला आले, आमच्या कम्प्युटरवर चार तास बसले, चहापलीकडे एक पैसा घेतला नाही. रफार आणि काही जोडाक्षरं बिघडली होती ती आम्ही हाताने दुरुस्त केली आणि नऊ दिवसांत पूर्ण मराठी संग्रह ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या कम्प्युटरवरच्या यादीत, दिसायला लागला. हे मला कुठल्याही अधिवेशनाच्या स्टेजवरून कळलं नसतं, त्या चहाच्या टेबलावर कळलं, आणि त्या टेबलापर्यंत मी पोचले ते वर्गणी भरली होती म्हणून.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्या वर्षी मोठ्या अधिवेशनाच्या मागे लागूच नको. कंत्राटी पगारात आजीव सभासदत्वाची रक्कम एकदम काढू पण नको, सालाची वर्गणी भर. छोट्या बैठकीला जा आणि जाताना तुझ्या लायब्ररीत खरंच अडलेला एक प्रश्न वहीत लिहून ने. तो विचारल्याशिवाय परत येऊ नको. आणि एखादं काम अंगावर घे, नोंदणीचं टेबल असो की बैठकीचा वृत्तांत लिहायचा असो, कारण खुर्चीवर बसून ऐकणाऱ्याला कोणी ओळखत नाही पण नोंदणीच्या टेबलावरची मुलगी सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि पुढच्या वेळी अडलं की तू सरळ फोन लावू शकतेस.

आणखी एक, हे मला फार मनापासून सांगायचं आहे. संघटनेत कंत्राटी लोकांचं कोणी ऐकत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकते आणि ती खोटी नाही. पण यादीत कंत्राटी सभासद दोन आणि परमनंट दोनशे असतील तर तुमचा ठराव मांडणार कोण? तुझ्यासारख्या चाळीस जणी आल्या तर वेळापत्रकातले सत्कार पण कमी होतील आणि भरतीचा प्रश्न पण पहिल्या तासात येईल.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन सरांचं नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो, १९३१ ची ग्रंथालयांची पंचसूत्री वगैरे, पण त्यांचं करिअर बघ. ते गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि हे शास्त्र त्यांनी कधी शिकलेलंच नव्हतं. नेमणूक झाल्यावर लंडनला जाऊन शिकले, तिथली कितीतरी ग्रंथालयं बघितली, एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघून सुटे भाग जोडून विषय बांधायची कल्पना सुचली आणि त्यातून पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण करायची १९३३ ची कोलन पद्धत आली. आणि १९२८ मध्येच, म्हणजे ग्रंथपाल होऊन चार वर्षं झाली तेव्हा, मद्रास ग्रंथालय संघ उभा करणाऱ्यांत ते होते. नोकरी लागल्यावर शिकणं आणि लगेच चार लोकांना जोडणं, त्यांच्या बाबतीत हे दोन्ही एकत्रच चाललं.

आता ड्युटी लीव्हचं. ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे इफ्ला, १९२७ पासूनची. निरंतर शिक्षणासाठी त्यांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात म्हटलंय की शिकण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याची नाही, संस्थेची पण आहे, आणि संस्थेने कामाच्या वेळेतला साधारण १० टक्के वेळ प्रशिक्षणाला आणि बजेटमधला किमान अर्धा ते एक टक्का कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी ठेवावा. चाळीस तासांचा आठवडा धरला तर चार तास होतात. हे कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे प्राचार्यांशी भांडायला वापरू नको, अर्ज लिहायला वापर. अर्जात रजा मागण्याआधी लायब्ररीला काय मिळणार ते लिही, जसं की अमुक कार्यशाळेत बॅकअप शिकून येते आणि पुढच्या पंधरा दिवसांत आपला डेटा दुसरीकडे सुरक्षित करून दाखवते. आणि खरंच दाखव. पहिल्यांदा नाही म्हणतील, तेव्हा शनिवार दुपारचीच बैठक धर. दुसऱ्यांदा तुझं काम दिसलं की नाही म्हणणं त्यांनाच जड जाईल, मी तीन प्राचार्यांबरोबर काम केलंय आणि तिघांचाही हाच अनुभव आहे. सेट पण पुन्हा दे, सोडू नको.

प्रश्न : मी काटोल तालुक्यातल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात २४ वर्षांपासून ग्रंथपाल आहे. बारावी आणि ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स एवढंच शिक्षण. पुस्तकं सहा हजार, शासनाच्या दर्जात ब वर्ग. पोरं अभ्यासिकेत बसतात पण पुस्तक कोणी नेत नाही, कम्प्युटर बंद पडून आहे. मानधन तुम्हाला माहीतच आहे. वय ५४, आता काय शिकणार, आणि आम्हा गावच्या लोकांना संघात विचारतं कोण?
— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : भाऊ, मानधनाचं वाचून वाईट वाटलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावी वाचनालयं उभी राहिली, पण ती चालवणाऱ्या माणसाच्या पोटाचा विचार त्या मानाने झाला नाही, आणि तुमच्यासारख्यांनी चोवीस वर्षं ते दार रोज उघडलं म्हणून ती टिकली. जिल्हा ग्रंथालय संघाकडे हा विषय पुन्हा पुन्हा न्यायला पाहिजे आणि तो नेणाऱ्यात तुम्ही असायला पाहिजे.

शिकण्याचं म्हणाल तर कम्प्युटरची वाट बघूच नका, तुमच्या हातातल्या फोनपासून सुरू करा. अभ्यासिकेतली पोरं स्पर्धा परीक्षेची आहेत ना, मग त्यांना रोज लागणाऱ्या तीन गोष्टी आधी तुम्ही शिका. मराठी विश्वकोश फोनवर फुकट वाचता येतो, बालभारतीची पाठ्यपुस्तकं डाउनलोड होतात, आणि आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, तिच्यात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. एका पोरालाच बाजूला बसवून शिकून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, आणि ज्या दिवशी तुम्ही दुसऱ्या पोराला विश्वकोशातली नोंद काढून द्याल त्या दिवसापासून तो तुम्हाला नुसता कुलूप उघडणारा काका समजणार नाही.

दुसरं काम तुमच्या नोंदवहीचं. फोनवर मराठीत बोललं की आपोआप टाइप होतं, तसं दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव बोलत जा आणि शीटमध्ये भरत जा. रोज वीस पुस्तकं केली तर सहा हजार तीनशे दिवसांत होतात, म्हणजे वर्षभराच्या आत तुमचं आख्खं वाचनालय यादीत. नावं तपासून घ्या मात्र, फोन आडनावं फार चुकीची ऐकतो. पुढेमागे कम्प्युटर दुरुस्त झाला, सॉफ्टवेअर आलं, तर हीच यादी कामाला येते, तेव्हा एजन्सीवाल्यासमोर हात जोडावे लागणार नाहीत.

आणि संघात विचारतं कोण, याचं उत्तर असं की कोणत्या घरात कादंबरी चालते, कोणती सून माहेरून वाचनाची सवय घेऊन आली, कोणता म्हातारा मोठ्या टायपाचं पुस्तक मागतो, हे चोवीस वर्षांचं ज्ञान आम्हा कॉलेजवाल्यांकडे अजिबात नाही. पुढच्या जिल्हा बैठकीत दहा मिनिटं मागा आणि "पुस्तक न्यायला माणसं का येत नाहीत" यावर बोला. लिहून नेलं तर बरं, पण नुसतं बोललात तरी चालेल, जसं मला लिहिलंत तसंच. जाता जाता नागपूरच्या शासकीय विभागीय ग्रंथालयात पण एक दिवस काढा, काउंटरवर काम कसं चालतं ते शांतपणे बघा, तिथल्या लोकांशी बोला.

प्रश्न : मॅडम, लॉकडाऊनपासून वेबिनार आणि ऑनलाइन एफडीपीची (प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गांची) माझ्याकडे ३१ सर्टिफिकेटं जमली आहेत. कॉलेज ग्रंथपाल आहे, कॅससाठी, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत बढतीसाठी, यातली किती चालतील?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सर, एक-दोन तासांच्या वेबिनारची बहुतेक चालणार नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे वेतनश्रेणीच्या लेव्हल १० वरून ११ ला जाताना २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन कोर्स लागतो, आणि ऑटोमेशन-डिजिटायझेशनसारख्या विषयावर किमान ५ दिवसांचं प्रशिक्षण. नोकरीची वर्षं पीएच.डी. असेल तर ४, एम.फिल.ला ५, दोन्ही नसेल तर ६. पूर्वीच्या एचआरडीसीला (यूजीसीच्या प्रशिक्षण केंद्रांना) २०२३ पासून मालवीय मिशनचं नाव आहे, कोर्सच्या तारखा त्याच नावाने शोधा. फाइल लावण्याआधी आपल्या विद्यापीठाचा कॅसचा फॉर्म आणि शासनाचा निर्णय समोर ठेवून प्रत्येक सर्टिफिकेटवर दिवस मोजा.

पण ३१ मध्ये केअर यादीवरचं, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सच्या यादीवरचं, एखादं असेल तर ते शिकलेलं आता जुनं झालंय एवढं लक्षात घ्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली. तुमच्याकडे प्राध्यापक येऊन विचारणार की आता कोणतं जर्नल खरं आणि कोणतं पैसे घेऊन काहीही छापणारं, आणि यादीवर बोट ठेवून सांगायची सोय आता राहिली नाही. संपादक मंडळ खरं आहे का, पीअर रिव्ह्यू खरंच होतो का, फी आधी लपवलेली आहे का, हे प्रत्येक जर्नलचं स्वतः तपासून सांगावं लागणार. नागपुरातल्या पाच-सहा कॉलेजचे ग्रंथपाल मिळून महिन्यातून एक दुपार बसा आणि प्राध्यापकांनी विचारलेली जर्नल्स एकत्र तपासा, पहिल्या बैठकीला मला पण बोलवा, मी येते.