बेटावरच्या उंदरांचा एफएसटी 0.33 आला, म्हणजे ती वेगळी उपप्रजाती का?

तुमच्याकडे मुख्य भूमी आणि जवळचं बेट इथले एकाच प्रजातीच्या उंदरांचे 12-12 नमुने आहेत. दहा मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांचे पट्टे) वापरून एफएसटी (दोन गटांत आनुवंशिक फरक किती, याचं 0 ते 1 मधलं माप) 0.33 आला. एवढ्यावरून उपप्रजाती म्हणता येणार नाही. बेटांच्या बाबतीत हा आकडा हमखास फसवतो. कसा, ते एका लोकसवर (डीएनएवरची एक ठरावीक जागा) करून बघा.

समजा मुख्य भूमीवर चार अलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं) आहेत, प्रत्येकाचं प्रमाण 0.25. अपेक्षित हेटेरोझायगॉसिटी (एका उंदरात दोन वेगळे अलील असण्याची शक्यता) 0.75. बेटावर त्या चारांतला एकच उरलाय, म्हणजे तिथे शून्य. दोन्हींची सरासरी 0.375. आता दोन्ही गट एकत्र धरा: एक अलील 0.625, उरलेले तीन प्रत्येकी 0.125, एकूण हेटेरोझायगॉसिटी 0.5625. यातून 0.375 वजा करून पुन्हा 0.5625 ने भागलं की 0.33. बेटावर एकही नवं म्युटेशन नाही, तरी नेमका तुमचाच आकडा!

आता उलटं करा. दोन्हीकडे चार-चार अलील सारख्या प्रमाणात, पण सामाईक एकही नाही. एफएसटी येतो जेमतेम 0.14. जोस्टचा डी (वेगळेपणाचं दुसरं एक माप) काढलात तर पहिल्या उदाहरणात 0.6 आणि दुसऱ्यात 1 येतो, निदान क्रम तरी बरोबर लागतो. म्हणून आधी प्रत्येक गटाची हेटेरोझायगॉसिटी आणि अलीलांची संख्या वेगवेगळी मांडा, मग फक्त बेटावरच सापडणारे अलील किती ते बघा. बेटाची हेटेरोझायगॉसिटी खूप कमी आणि खास अलील जवळपास नाहीत, असं निघालं तर तुमचा 0.33 हा मुख्यतः बेटाने काय गमावलं त्याचा हिशोब आहे.

गमावणं दोन टप्प्यांत होतं. सुरुवातीला फक्त 10 उंदीर पोचले असतील तरी 95 टक्के हेटेरोझायगॉसिटी सोबत येते. दुर्मीळ अलील मात्र गळतात. मूळ गटात 5 टक्के असलेला अलील त्या दहांपैकी एकातही नसण्याची शक्यता सुमारे 36 टक्के. त्यानंतर जेनेटिक ड्रिफ्ट (निव्वळ योगायोगाने अलीलांचं प्रमाण बदलत जाणं): दर पिढीला 1 भागिले दुप्पट प्रभावी संख्या (ड्रिफ्टच्या हिशोबाने गट केवढा, तो आकडा), एवढी घट. ही प्रभावी संख्या साध्या सरासरीने काढू नका. तीन पिढ्या 1000 उंदीर आणि चौथ्या पिढीत 20, तर साधी सरासरी 755 येते, पण ड्रिफ्टसाठी लागणारी हरात्मक सरासरी फक्त 75. असंच चालू राहिलं तर 100 पिढ्यांत हेटेरोझायगॉसिटी निम्म्यावर येते. नकाशावर बेट केवढं दिसतं यापेक्षा त्याचा सगळ्यात वाईट हंगाम किती वाईट असतो, हे जास्त महत्त्वाचं.

बेटावर विविधता कमी असणं नेहमीचंच. रिचर्ड फ्रँकहॅम यांनी 1997 मध्ये निरनिराळ्या प्राणी-वनस्पतींच्या 202 तुलना तपासल्या, त्यांतल्या 165 मध्ये बेटावर कमी निघाली, घट सरासरी 29 टक्के. पण तुलना कोणाशी करायची, इथे बरेच जण चुकतात. शेजारची मुख्य भूमी हाच मूळ गट असतो असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचे व्होल (उंदरासारखे छोटे कुरतडणारे प्राणी) नवाश्मयुगीन माणसांबरोबर थेट युरोप खंडातून आले. शेजारच्या ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ही प्रजाती नाहीच. शिवाय त्यांची विविधताही अपेक्षेपेक्षा चांगली आहे. तुमचं बेट हिमयुगात जोडलेलं होतं का, हे सागरी नकाशातल्या खोलीवरून ताडता येतं, कारण तेव्हा समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली होती. जोडलेलं असेल तर अख्खा गटच अडकून पडला असणार, मूठभर उंदीर वाहत आले असं नाही.

नमुन्यांबद्दल. मायक्रोसॅटेलाइटसाठी 12 कमीच. 25 ते 30 करा आणि पिंजरे बेटभर पसरून लावा. एकाच कोपऱ्यात लावले की एकाच विणीची भावंडं येतात. अर्थात सापडलेली सगळी भावंडं सरसकट वगळूही नका, छोट्या बेटावर सगळेच एकमेकांचे नातेवाईक असतात. कानाचा 2 मिलिमीटरचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. फॉर्मालिन अजिबात नको. दोन्ही गटांच्या नमुन्यांची संख्या सारखी नसेल तर अलीलांची तुलना रेअरफॅक्शन (मोठा नमुना लहानाएवढा धरून मोजणं) करूनच. एखाद-दुसऱ्याच लोकसवर होमोझायगोट (दोन्ही अलील सारखे असलेले) जास्त दिसले तर नल अलीलचा (चाचणीत दिसतच नाही अशा अलीलचा) संशय घ्या. सगळ्याच लोकसवर दिसले तर वेगवेगळे गट एकत्र मोजले गेलेत किंवा अंतःप्रजनन आहे.

आणि तुमचे घरउंदीर असतील तर गुणसूत्रंही मोजून घ्या. नेहमीच्या घरउंदरात ती 40 असतात. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर ती जोडली जाऊन 22 पर्यंत उतरली आहेत, आणि त्या एकाच बेटावर असे सहा वेगळे प्रकार सापडले. मायक्रोसॅटेलाइटच्या आकड्यांत हे दिसत नाही.