कारचा अलार्म उगाच वाजतोय? आधी बॉनेट उघड
वैतागून सायरनची वायर कापू नकोस. आधी बॉनेट उघड. बऱ्याच गाड्यांत कडेला किंवा लॉकपाशीच छोटा स्विच असतो. पावसाळ्यात त्यावर गंज-चिखल बसला की बॉनेट उघडंच आहे असं अलार्मला वाटतं. पिनचा स्विच असेल तर पुसून बोटाने दाबून सोड. टुणकन वर यायला हवा. अडकला तर बदलच. माझा पहिला संशय कायम त्याच्यावरच.

तो ठीक असेल तर बॅटरी बघ, ती उतरली असली तरी अलार्म उगाच वाजू शकतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी तिला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लाव. बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज कर. बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर शॉक सेन्सरचा (गाडीला बसलेला धक्का ओळखणाऱ्या भागाचा) स्क्रू किंचितच फिरवून सेन्सिटिव्हिटी कमी कर.