तपकिरी शिंगराला 'सबजा' का म्हणतात?

इंदूरच्याच एका वाचकाचा प्रश्न आहे. मल्हारगंजाकडे लग्नाच्या घोड्या ठेवणाऱ्याच्या तबेल्यात पांढऱ्याशुभ्र घोडीजवळ गडद तपकिरी शिंगरू उभं होतं आणि मालक म्हणाला, "ये सब्जा है." सबजा म्हणजे हिरवा, फार तर फालुद्यातलं बी, मग तपकिरी शिंगराला तो शब्द कसा लागतो? आणि मराठीत लिहिताना सरळ 'करडं' का म्हणू नये?

आधी हिरव्याचं बघू. फारसीत 'सब्ज' म्हणजे हिरवा हे खरं, पण 'सब्जा' सावळ्या वर्णाच्या माणसालाही म्हणतात. काळ्या-पांढऱ्या केसांच्या मिसळीतून जी थंड, निळसर-राखी झाक दिसते, तिच्यासाठी घोडेवाल्यांनी हा शब्द घेतला. फारसीकडेच बोट दाखवायचं कारण नाही. राजस्थानात अशा घोड्याला 'लीला' किंवा 'नीला' म्हणतात, आणि शेजारच्या गुजरातीत 'लीलो' म्हणजे हिरवा. राजस्थानचे लोकदेव रामदेव पीर यांचा घोडा लीला, हे माळव्यात कोणालाही विचारा. त्या घोड्याला हिरव्या रंगानं रंगवलेली चित्रंही दुकानांत मिळतात. शब्दाचा कोशातला अर्थ पकडून चित्र काढलं की असं होतं.

आता शिंगरू. सबजा घोडा जन्माला सबजा नसतो. तो कुमैत (अंग तांबूस-तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पाय काळे), सुरंग (सगळंच तांबूस) किंवा मुश्की (कस्तुरीसारखा काळा) अशा कुठल्या तरी नेहमीच्या रंगात जन्मतो. मग दरवर्षी त्याच्या अंगात पांढरे केस वाढत जातात. मधली काही वर्षं अंगावर गोल गोल छाया दिसतात, तेव्हा तो सर्वात देखणा. साधारण सहा ते दहा वर्षांचा होईतो बहुतेक घोडे पांढरे झालेले असतात. काहींच्या पांढऱ्यावर पुढे बारीक तांबडे ठिपके उठतात, त्याला मगसी म्हणतात; फारसीत मगस म्हणजे माशी. वरातीतली 'पांढरी घोडी' बहुधा याच वाटेनं पांढरी झालेली असते. तिच्या नाकपुड्या आणि डोळ्यांभोवतीची कातडी पाहा, काळी दिसेल. जन्मतःच पांढरा आणि कातडी गुलाबी, तो नुकरा. 'पांढरा' या एका शब्दात आपण हे दोन्ही कोंबतो, घोडेवाले कोंबत नाहीत.

हे पांढरं होणं आनुवंशिक आहे आणि प्रबळ आहे. २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं मूळ घोड्याच्या २५व्या गुणसूत्रावर दाखवलं: डीएनएचा एक छोटा तुकडा तिथे दोनदा आलेला असतो. आईबापांपैकी निदान एक सबजा असल्याशिवाय शिंगरू सबजा होत नाही. आईला हा गुण तिच्या दोन्ही पालकांकडून मिळाला असेल तर तिची सगळी शिंगरं सबजा होणार. एकाकडूनच मिळाला असेल आणि नर सबजा नसेल, तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता. दुहेरी गुण असलेले घोडे पांढरेही लवकर होतात.

मग मालकानं तपकिरी केसांत सबजा कसा ओळखला? पहिली जागा डोळे. पापण्यांत आणि डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागले, जणू चष्मा लावलाय, की प्रश्न मिटला. काही शिंगरांना ते जन्मतः असतात, काहींना काही महिन्यांनी येतात. दुसरी खूण जरा उलटी आहे. साध्या कुमैत शिंगराचे पाय जन्मतः फिकट, बदामी-राखी असतात; तीन-चार महिन्यांचं झालं की पिलाची लव झडू लागते आणि खालून काळे पाय निघतात. पुढे मुश्की होणारं शिंगरूही कित्येकदा उंदरी रंगाचंच जन्मतं. पण ज्याला सबजा व्हायचं असतं, ते बरेचदा पहिल्या दिवसापासून गडद, पक्क्या रंगाचं असतं, पायांसकट. म्हणजे राखी जन्मलेलं काळं होतं आणि काळंभोर जन्मलेलं पांढरं! अर्थात पायांवरून अंदाज करावा, डोळ्यांवरून निकाल.

म्हणून मालकाचं 'है' मला खटकत नाही. 'सबजा' हा आजच्या केसांचा रंग नाही, ती घोड्याची जात-प्रकृती आहे, आणि ती शिंगरात पहिल्या दिवसापासून असते. 'करडं' म्हटलं तर मधल्या चार-पाच वर्षांपुरतंच खरं ठरेल. 'अबलख' तर मुळीच नको. हल्ली छाया पडलेल्या सबजाला हौसेनं अबलख लिहितात, पण अबलख म्हणजे मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा. ते पट्टे जन्माचे असतात आणि कायम राहतात.

हे काटेकोर शब्द कवींनी नव्हे, दफ्तरानं टिकवले असं माझं मत आहे. सरकारी घोडा बदलून त्या जागी मरतुकडं तट्टू उभं करण्याची लबाडी जुनी. त्यावर अलाउद्दीन खिलजीनं घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली, अकबरानं ती पुन्हा चालवली आणि सोबत घोड्याचा 'चेहरा', म्हणजे रंगाखुणांचं वर्णन, लिहून ठेवला जाई. आपली 'चेहरेपट्टी' त्याच घरातली. मराठी फौजांतही बारगिराचा घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा, म्हणजे कुठला घोडा कोणाचा याची नोंद हवीच. आपल्या इंदुरात पागनीसपागा म्हणून मोहल्ला आहे. पागनीस म्हणजे पागेचा हिशेब ठेवणारा. त्याच्या वहीत 'कुमैत' म्हणून चढलेलं शिंगरू सहा वर्षांनी पांढरं होऊन समोर आलं तर काय गोंधळ होईल! शर्यतीच्या घोड्यांच्या इंग्लिश नोंदींत अशा पिलाला 'बे ऑर ग्रे' (कुमैत किंवा सबजा) लिहून दोन्ही दारं उघडी ठेवतात. आपण 'कुमैत, सबजा होणार' लिहावं. त्यात आजचं आणि उद्याचं दोन्ही येतं.

शेवटी तुमची व्याकरणाची शंका: शिंगी (मादी शिंगरू) मोठी झाल्यावर 'सबजा घोडी' की 'सबजी घोडी'? मी 'सबजा घोडी'च लिहीन. 'जादा' सारखे शब्द आपण जसे न बदलता वापरतो (जादा गाडी, जादा पैसे), तसाच हा ठेवावा. शिवाय इंदुरात 'सबजी' म्हटलं तर लोक पिशवी घेऊन मंडीकडे निघतील.